बटाट्याच्या खड्ड्यातले दोन डबे

बामगोल
२० ऑक्टोबर १९८८

प्रिय इन्सोप भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करते. इकडे थंडी लवकर आली. काल सकाळी मुळ्याच्या पानांवर पांढरं पडलं होतं. कुट्टूची कापणी कशीबशी उरकली. मका सोलून वळचणीला टांगलाय. तो मी आणि शेजारच्या बुल्ये मावशींनी मिळून टांगला, त्यामुळे एका बाजूला खाली आलाय. मावशी म्हणाल्या, "दोन म्हाताऱ्यांनी टांगलेला मका असाच दिसायचा."

माझं अक्षर तुम्हाला लावून घ्यावं लागेल. मी या घरात आले तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात. शाळेतून आलात की चुलीपुढच्या राखेत काडीने अक्षरं काढून मला शिकवायचात, आणि चुकलं की "वहिनी, तुमच्या डोक्यात बटाटा आहे" म्हणायचात. त्या शिकवणीवर हे पत्र लिहितेय.

तार पोचली होती का, हे विचारायचं होतं. पोस्टातला माणूस म्हणतो पोचली. तुमच्या दादांना जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. पोटातलं दुखणं होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, पण यांनी मला सांगू दिलं नाही. शेवटचे चार दिवस पेजही उतरत नव्हती. फार कण्हले नाहीत. तुम्हाला ठाऊक आहेच, या माणसाला बोलायचा मुळातच कंटाळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी उचलायचं ठरलं, तर कचेरीतला कारकून सायकल मारत आला. म्हणाला, "बाई, दुपारपर्यंत थांबवा. ऑलिंपिकची मशाल आपल्या रस्त्याने जायची आहे, टीव्हीवाले आहेत. रस्त्यावर प्रेत दिसायला नको." बुल्ये मावशी उंबऱ्यातूनच ओरडल्या, "का रे, मेलेल्याने पण आता हात हलवत, हसत जायचं का?" पण थांबलो. रस्त्याकडच्या भिंतींना नवा निळा रंग दिला होता. शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी. मशाल गेली, पोरं पांगली, मग आम्ही त्यांना डोंगरावर नेलं. आईंच्या शेजारीच जागा केली आहे. घरचा पुरुष म्हणून पुढे चालायला कोणी नव्हतं, तेव्हा बुल्ये मावशींचा जावई चालला. इंचॉनहून आपली पोर मालसुक आली होती, तीन दिवसांची रजा मिळाली तिला.

१७ डिसेंबरला शंभरावा दिवस आहे. त्या दिवशी तरी याल का? तुमच्या मनात त्यांच्याबद्दल काय आहे ते मला माहीत आहे. मी त्यावर काही बोलत नाही. मी काय बोलणार! पण शंभराव्या दिवसानंतर सुतक फिटतं, आणि त्यानंतर येण्याला काही अर्थ राहत नाही, म्हणून लिहिलं.

जेवत जा वेळेवर. सोलमध्ये एकटा माणूस नुसत्या शेवयांवर राहतो असं मालसुक सांगत होती.

तुमची वहिनी,
ओकबुन


बामगोल
११ नोव्हेंबर १९८८

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही येणार नाही म्हणता. "ज्याने आईचा चेहरा पोलिसांच्या हातात दिला त्याच्यापुढे मी डोकं टेकणार नाही," असं लिहिलंय. मेलेल्या माणसाबद्दल इतकं कडक लिहू नये, पण मी तुम्हाला काही म्हणत नाही.

दिवस बदलले, जप्त झालेल्या फिल्म परत मागता येतात, तुम्ही आणि तुमच्यासारखे चार-पाच जण कचेऱ्या पालथ्या घालताय, हे वाचून बरं वाटलं. तीन ठिकाणी गेलात, आणि तिन्हीकडे "आमच्याकडे नोंद नाही" एवढंच ऐकून आलात. त्यात तुमचे गुडघे दुखतात. कशाला एवढी पायपीट करता भाऊजी? जे गेलं ते गेलं असं समजा ना.

निगेटिव्ह कोणी नेलं, कोणत्या तारखेला, त्या अधिकाऱ्याचं नाव काय, हे तुम्ही विचारलंय. मला नीटसं आठवत नाही. चार वर्षं झाली. नोव्हेंबर होता, कोबीचं लोणचं घालायचं राहिलं होतं, इतकं आठवतं. तुमच्या दादांनी फाटकाशी डबे दिले. मी स्वयंपाकघरात होते. नाव मी ऐकलं नाही.

दुसरं सगळं मात्र मला आठवतं. त्या वसंतात तुम्ही ते फिल्म काढायचं यंत्र घेऊन आलात. आदल्या वर्षी गारांनी मका झोपला होता आणि साठवलेले बटाटे सडले होते. आई रोज टोपली घेऊन रानभाजीला जायच्या आणि तुम्ही त्यांच्या मागे मागे. आई म्हणायच्या, "अरे, माझ्या पाठीचा काय फोटो काढतोस, पाठ सगळ्यांची सारखीच असते." पाच तोंडांना तीन मुठी मका आणि घमेलंभर पाला, त्याची पेज. तुम्ही ते पातेलं किती वेळ दाखवलंत!

आणि मग मंजुरी देणाऱ्या समितीकडून ती यादी आली. तुम्ही ती जमिनीवर बसून आम्हाला वाचून दाखवली होती. पेजेचं पातेलं काढा. सिमेंटच्या पत्र्यामागे राहिलेलं गवती छप्पर काढा. गेल्या वर्षी काय खाल्लं हे म्हातारी सांगते ते काढा. मुलगी कारखान्यात जायला बसमध्ये चढते ते काढा. अडतीस मिनिटांची अकरा मिनिटं राहत होती. तुमच्या दादांनी विचारलं, "मग उरलं काय?" तुम्ही म्हणालात, "डोंगर, आणि बैल." तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आई त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात गेल्या होत्या, त्यांना ते हसणं मिळालं नाही.

तुम्ही यादी फाडली आणि चर्चच्या हॉलात होती तशी फिल्म दाखवली. पुढचं तुम्ही मला सांगायची गरज नाही आणि मी तुम्हाला.

तुम्ही आता पुन्हा ठाण्यात वगैरे जाऊ नका, एवढंच सांगायचं. तिथली माणसं तशीच असतात. वरचं सरकार बदललं म्हणून त्या खोलीतला कोळशाचा बंब बदलत नाही, तो हिरवा पडदा बदलत नाही, आणि माणसाला दारातच बूट काढायला लावायची त्यांची पद्धत तर नाहीच बदलत.

थोडी वाळवलेली रानभाजी पाठवतेय. पाण्यात रात्रभर ठेवा, नाहीतर कडू लागेल.

तुमची वहिनी,
ओकबुन


बामगोल
२८ नोव्हेंबर १९८८

भाऊजी,

तुमचं एका ओळीचं पत्र मिळालं. "वहिनी, त्या खोलीत तुम्ही कधी गेला होतात?"

पाच दिवस हे पत्र मी फडताळात ठेवलं होतं. गुरांना घातलं, पाणी भरलं, लोणचं घातलं. आज लोणच्याचं शेवटचं मडकं पुरून झालं, आता करायला काही उरलं नाही. म्हणून बसले.

डबे मी दिले. तुमच्या दादांनी नाही.

तुम्ही पकडले गेलात त्याच आठवड्यात पोलीस यांना ठाण्यात घेऊन गेले. हॉलातली फिल्म त्यांना मिळालीच होती; ती निकालानंतर नष्ट केल्याचा कागद तुम्हाला मिळालाच आहे. पण तुमच्याच बरोबरच्या कोणीतरी सांगितलं होतं की मूळ निगेटिव्ह गावात आहे. बटाट्याच्या खड्ड्यात, पेंढ्याखाली, दोन डबे. पण ही जागा तुम्ही आणि आम्ही दोघं सोडून कोणाला ठाऊक नव्हती. नऊ दिवस त्यांनी यांना ठेवलं. रोज सकाळी मी जेवणाचा डबा घेऊन सव्वा दोन तास चालत जायचे आणि फाटकावरचा पोरगा म्हणायचा, "काकी, जेवण ठेवून जा." डबा रोज तसाच परत मिळायचा.

नवव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. बूट काढायला लावले. त्या साहेबांचं आडनाव प्योन. जाड भिंगांचा चष्मा, आवाज अगदी मऊ. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, बार्लीचा चहा दिला. म्हणाले, "बाई, तुमच्या दिराचं प्रकरण हॉलातल्या फिल्मवर उभं राहिलंय, ते संपल्यात जमा आहे. आता ते डबे मी शोधून काढले, तर मला वर पाठवावे लागतील. मग नवीन कागद तयार होणार, आणि त्या कागदावर तुमच्या नवऱ्याचं नाव असणार. पण डबेच नसतील, तर नवरा संध्याकाळी घरी."

मी म्हटलं, "नसतील म्हणजे?"

म्हणाले, "म्हणजे नसतील."

शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यांनीच ठेवलं असेल. तुमच्या दादांचे पाय दिसत होते. पायमोजे नव्हते. उजवा पाय घोट्यापासून असा वळला होता, की आधी मला वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे.

मी घरी गेले, खड्डा उकरला, डबे बटाट्याच्या पोत्यात घातले आणि परत गेले. वाटेत कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तर कदाचित मागे फिरले असते, असं मी चार वर्षं स्वतःला सांगते. खरं नाही ते.

साहेबांनी डबे उघडले, फिल्म थोडी उलगडून खिडकीशी धरून बघितली. म्हणाले, "ही म्हातारी कोण?" मी म्हटलं, "सासूबाई." त्यांनी बंबाचं झाकण काढलं आणि मला म्हणाले, "तुम्हीच टाका. आम्ही काही जाळलं असं उद्या कोणी म्हणायला नको."

मी टाकली, भाऊजी. माझ्या हाताने. ती धड पेटतही नव्हती. वितळायची, काळा धूर यायचा, म्हणून थोडी थोडी चिमट्याने ढकलावी लागत होती. बराच वेळ लागला. साहेब खोकत खोकत खिडकी उघडायला गेले, हिरवा पडदा त्यांच्या तोंडावर आला. ती नोंद तुम्हाला कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. तुम्ही गुडघे दुखवत फिरताय, आणि मला ठाऊक आहे की शोधण्यासारखं काही नाहीच आहे. तुमच्या पत्रातलं मला सहन झालं नाही ते हे. दादांना तुम्ही काही म्हणालात ते नव्हे.

यांना संध्याकाळी सोडलं. मावशींच्या जावयाने हातगाडीवर आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय शेकताना मी सगळं सांगितलं. त्यांनी पाय पाण्यातून काढून फडक्यावर ठेवला. मग म्हणाले, "इन्सोपला सांगायचं, मी दिले."

मी म्हटलं, "का? तुम्ही तर तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत."

"भाऊ आहे. वर्षभर शिव्या देईल, मग येईल. तुझं नाव कळलं तर तो या घरात पाणीसुद्धा पिणार नाही, आणि आईनंतर त्याला हे एकच घर आहे."

तुम्ही दहा महिन्यांनी सुटून आलात. खड्डा रिकामा बघितलात. त्यांनी अंगणात काठी टेकून उभं राहून सांगितलं, "मीच दिले." तुम्ही त्यांच्या पायाशी थुंकलात. त्याच पायाशी. मी दारात होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. ते म्हणाले होते वर्षभर. तीन वर्षं दर सणाला ते तुमचं ताट वाढायला लावायचे आणि शेवटची बस गेली की उचलायला सांगायचे.

हे सांगून झालं तरी माझं सगळं सांगून झालेलं नाही. आता लपवून काय करू?

नवऱ्याला सोडवायला जाळली, हे खरं आहे. पण ती जळताना मला हलकं वाटलं, हेही खरं आहे.

मला ती फिल्म आवडली नव्हती. तुम्ही मला आणि मालसुकला हॉलात पुढे बसवलं होतंत. पडद्यावर मी पातेलं खरवडत होते आणि मागे सोलच्या शिकलेल्या पोरी रडत होत्या. मला लाज वाटली. आमच्या घरात कोणी रडत नव्हतं तेव्हा. आम्ही फक्त खरवडत होतो. तेही मी गिळलं असतं. पण मग ती बस आली. मालसुक गाठोडं घेऊन चढते, खिडकीशी बसते, काच सरकवायला बघते. आणि मी बसकडे पाठ करून उभी आहे. बस निघते, धुरळा उडतो, तरी पाठच. तुम्ही किती वेळ माझी ती पाठ दाखवलीत. कोणीतरी मागून म्हणालं, "कशी बाई आहे!"

मी वळले नाही, कारण वळले असते तर तिला खाली ओढून काढलं असतं. सोळावं लागलं होतं तिला. हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? तुम्हालाही नाही दिसलं.

बाहेर आल्यावर मालसुक रस्त्यावर माझ्या पुढे चालली. मग म्हणाली, "आई, धुरळ्यामुळे मला मागचं काही दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं तू बघत असशील." वर्षभर त्या मशीनवर बसून तिने मनात धरलं होतं की आई बघत उभी होती. ते तुमच्या फिल्मने काढून घेतलं.

म्हणून मी चिमट्याने ढकलत होते तेव्हा त्यात आई होत्या, पातेलं होतं, तुमच्या दोन वर्षांची मेहनत होती, तुमचे दहा महिने होते, आणि मी फक्त माझी ती पाठ जाळत होते. आईंचा दुसरा एकही फोटो नाही, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. खरंच दुसऱ्या दिवशी.

माफी मागत नाही. मागायची कोणाकडे, तोंडाने काय मागायचं, ते कळत नाही. १७ तारखेला तुम्ही या. मी आदल्या दिवशीच मालसुककडे जाते, तुम्हाला माझं तोंड बघावं लागणार नाही. किल्ली बुल्ये मावशींकडे असेल. ज्यांच्यापुढे डोकं टेकायचं नाही म्हणालात, त्यांच्यापुढे टेका. त्यांनी काही केलेलं नाही. नऊ दिवस त्यांनी काहीही केलेलं नाही.

ओकबुन


बामगोल
२४ डिसेंबर १९८८

भाऊजी,

काल परत आले. इंचॉनला मालसुकला सगळं सांगितलं. ती शिवत होती. दोरा संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "त्यात आजी होती ना गं." स्टेशनवर पोचवायला मात्र आली.

तुम्ही येऊन गेलात हे बुल्ये मावशींकडून कळलं. त्यांना विचारायच्या आधीच त्या सांगायला लागल्या. पहिल्या बसने आलात, बर्फातून एकटे वर गेलात. मावशी मागून गेल्या, तर तुम्ही दारू ओतून डोकं टेकलेलं. "दोन नमस्कार घालायचे असतात," त्या म्हणाल्या, "हा पहिल्यातूनच उठेना. मी म्हटलं, अरे गारठशील, भाऊ काही आता उठून तुला ओरडणार नाही. तेव्हा उठला. कपाळाला बर्फ तसाच."

थडग्यावरचा बर्फ तुम्ही हातांनी काढलात म्हणे, दोन्ही थडग्यांवरचा. मग घरी आलात. मी झाकून ठेवलेलं होतं ते जेवलात, भाजीसुद्धा. ताटली धुऊन पालथी घातलीत. जाताना मावशींनी विचारलं, "वहिनीला काही निरोप?" तुम्ही किल्ली त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "वहिनी घरी असत्या तर मी आलो नसतो."

मावशींना ते सांगायचं नव्हतं. मीच खोदून विचारलं.

ठीक आहे. मी समजले. दर वर्षी त्यांच्या दिवसाला मी आदल्या दिवशी निघत जाईन. स्वयंपाक करून ठेवीन. चूल पेटवलेली असेल, खोली गार लागणार नाही. तुमच्या दादांना वाटत होतं की हे घर तुम्हाला राहावं. ते राहील, मी तेवढी बाजूला होते.

हे शेवटचं पत्र. उत्तराची वाट बघत नाही, आणि तुम्हीही लिहू नका.

वहिनी म्हणून सही करायला हात धजत नाही.

यांग ओकबुन